फोटोत रवा पडलाय? आयएसओला शिव्या घालण्याआधी हे बघा

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर डोळा मायक्रोस्कोपला, आणि सुट्टी मिळाली की नागपूरहून ताडोबा, पेंच, काहीच नाही जमलं तर गोरेवाडा. सहा वर्षांपूर्वी मोहर्लीकडे ताडोबाच्या संध्याकाळच्या फेरीत रस्त्यालगत बांबूत एक बिबट बसलेला मिळाला. जवळजवळ दहा मिनिटं हलला नाही. मी १४० फोटो काढले. घरी येऊन लॅपटॉपवर उघडले तर सगळे काळपट. उजळले तर असा रवा (दाणेदार ठिपके, इंग्रजीत नॉइज) पडला की अंगावरचे ठिपके कुठले आणि सेन्सरचे कुठले, तेच कळेना.

त्या रात्री नवी लेन्स घ्यायचा हिशोब मांडून झाला होता. दुसऱ्या दिवशी फाइलची माहिती शांतपणे वाचली: शटर (उजेड किती वेळ आत येतो) १/१६०० सेकंद, अ‍ॅपर्चर एफ ६.३ (लेन्सचं भोक, आकडा लहान तितकं मोठं), आयएसओ (आलेला उजेड किती वाढवून दाखवायचा) १६००. लेन्सचा काहीच दोष नव्हता. सकाळी तलावावर उडते पाणकावळे टिपायला लावलेलं १/१६०० संध्याकाळी बसलेल्या बिबटालाही तसंच राहिलं होतं. आणि आयएसओ १६०० च्या वर न्यायचा नाही, हे एका जाणत्या माणसाने सांगितलेलं मी व्रतासारखं पाळत होते. फोटो अडीच स्टॉप कमी उजेडाचे होते (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). त्याच आयएसओवर शटर १/२५० केलं असतं तर सहा पट उजेड आत आला असता आणि भागलं असतं. तेव्हा तुमचा फसलेला फोटो पुसू नका, आधी त्याची ही तीन आकड्यांची कुंडली काढा.

पण तो खरंच रवा आहे का, हेही बघून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोवर निदान करू नका. तिथे फाइल दाबली जाते आणि चौकटी-चौकटी दिसतात. एप्रिल-मेमध्ये दुपारी लांबचं हरीण खरबरीत दिसतं ते बऱ्याचदा तापलेल्या जमिनीवरच्या हवेमुळे, त्याला कॅमेऱ्यात इलाज नाही, जवळ जा किंवा सकाळी या. फोकस हुकला असेल तरी रवा जास्त डोळ्यात भरतो, कारण केस-पिसांचा तपशीलच नसतो, नजर दाण्यांवर जाते. मूळ फाइल शंभर टक्क्यांवर उघडा. जनावराचा डोळा धारदार आहे आणि तरीही मागच्या सावलीत दाणे आहेत, तर तो रवा.

तो येतो कशामुळे? पावसाचे पहिले चार थेंब अंगणातल्या फरश्यांवर पडतात तेव्हा एका फरशीवर तीन, शेजारच्या फरशीवर एकही नाही, असं ठिपकेठिपके दिसतं. धो धो आला की सगळ्या फरश्या सारख्या भिजतात. सेन्सरवर उजेड असाच थेंबाथेंबाने पडतो. कमी पडला की शेजारशेजारच्या पिक्सेलमध्ये तफावत राहते, तोच रवा. आयएसओ उजेड वाढवत नाही, आलेल्या उजेडाचा आवाज मोठा करतो. आमच्या लॅबमध्येही मायक्रोस्कोपला लावलेल्या कॅमेऱ्यात स्लाइड अंधारी दिसली की नवीन मुलं गेन, म्हणजे त्या कॅमेऱ्याचा आयएसओच, वाढवतात. मी म्हणते, आधी दिवा वाढव, कंडेन्सर (उजेड स्लाइडवर एकवटणारं भिंग) वर घे. जंगलात दिवा आपल्या हातात नाही, पण शटर आणि अ‍ॅपर्चर आहेत.

पटत नसेल तर घरी करून बघा. संध्याकाळी खिडकीजवळ लोखंडी कढई ठेवा. कॅमेरा ट्रायपॉडवर, मॅन्युअल मोड, रॉ फाइल (सेन्सरवरून आलेली कच्ची फाइल), अ‍ॅपर्चर शेवटपर्यंत तेच. शटर १/२५०, आयएसओ ६४०० ला फोटो नीट उजळ येईल इतका उजेड असताना पहिला फोटो काढा. दुसरा त्याच शटरवर पण आयएसओ ८०० ला. तो तीन स्टॉप काळा येईल, कॉम्प्युटरवर तीन स्टॉप उजळा. तिसरा आयएसओ ८००, पण शटर १/३०. आता तिन्ही शेजारी ठेवून कढईचा कान बघा. दुसरा फोटो पहिल्यापेक्षा स्वच्छ नसतो. माझ्या जुन्या, सेकंड-हँड कॅमेरा बॉडीत तर काळ्या भागात जांभळट झाक आणि आडवे पट्टे येतात. नव्या बऱ्याच बॉडींमध्ये फरक कमी दिसेल, पण फायदा शून्यच. स्वच्छ येतो तो तिसरा, कारण त्यात आठ पट उजेड आत गेला आहे. ही कढई बघितल्यावर माझं १६०० चं व्रत सुटलं.

मग जंगलात काय करायचं. मी मॅन्युअल मोडला ऑटो आयएसओ जोडते. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, शटर माझ्या हातात, आयएसओ कॅमेऱ्याने ठरवावा. वरची मर्यादा १२८००. बसलेलं जनावर असेल तर आधी १/५०० वर दोन-चार फोटो पदरात पाडून घ्यायचे, मग १/२५०, मग १/१२५, आणि प्रत्येक वेळी पाच-सहाची झड. हळू शटरला काही हलके हलतात, पण एखादा सुरीसारखा येतो, आणि त्याचा आयएसओ दोन स्टॉपने खाली असतो. चालणाऱ्या वाघाला १/५०० च्या आसपास, पळणाऱ्या रानकुत्र्यांना किंवा उडत्या पक्ष्याला १/१६०० ते १/२०००. तिथे रवा पत्करायचा. हललेला फोटो दुरुस्त होत नाही, रवाळ फोटो दुरुस्त होतो.

हळू शटरला आधार लागतो. माझी बीनबॅग म्हणजे जुन्या जीन्सचा कापलेला पाय, दोन्ही टोकं शिवलेली, आत दोन किलो तांदूळ. जिप्सीच्या दांडीवर टाकायची, लेन्स वर दाबून बसवायची. आणि ड्रायव्हरला म्हणायचं, "दादा, जरा इंजिन बंद करा ना." इंजिन चालू असताना ६०० मिलिमीटरच्या लांब लेन्सवर १/१२५ म्हणजे देवाचं नाव घ्यायचं काम. मागच्या सीटवरचे काका पाय हलवत असतील तर त्यांनाही प्रेमाने सांगा.

पक्ष्यांच्या बाबतीत गोची वेगळी. मागे आकाश असताना बसलेला काळा कोतवाल पक्षी टिपला की कॅमेरा आकाशाला भुलून सगळंच गडद करतो, पक्षी कोळसा होतो. नंतर उजळला की रवा. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याच्या हिशोबापेक्षा फोटो उजळ-गडद करायची सोय) अधिक एक, कधी अधिक दोनपर्यंत, आकाश पांढरं झालं तर होऊ दे. बगळ्याला मात्र उलट, गडद पाण्यावर उणे करावं लागतं, नाहीतर पिसं जळतात, नुसती पांढरीफटक होतात. असं आकाश सोडलं तर हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख, उजवीकडे पांढरं) उजव्या कडेला टेकू द्यायचा नाही, पण तिच्याजवळ न्यायचा. सावल्या आपोआप उजळणाऱ्या सोयी असतात कॅमेऱ्यात, निकॉनमध्ये अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग, कॅननमध्ये ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर. त्या बंद ठेवा. सावल्या उजळायच्या तर घरी, आपल्या हाताने.

क्रॉपचं, म्हणजे फोटो कापण्याचं, फार कुणी बोलत नाही. माझ्या २० मेगापिक्सेलच्या फाइलमधून एक चतुर्थांश रुंदी आणि एक चतुर्थांश उंचीचाच तुकडा कापून ठेवला तर क्षेत्रफळाचा सोळावा हिस्सा उरतो, सव्वा मेगापिक्सेल. तो पडदाभर ताणला की रवाही ताणला जातो. लांबच्या वाघाचं तोंड कापून काढण्यापेक्षा तो पळसाच्या फुलांसकट, लहानच राहू द्यावा. मला तरी तसेच फोटो जास्त आवडतात. दोन एक्सचा टेलिकन्व्हर्टरही (लेन्सची लांबी दुप्पट करणारं जोडभिंग) संध्याकाळी बॅगेतच बरा, दोन स्टॉप उजेड खातो.

आता घरचं काम. रॉमध्ये काढलं असेल तरच पुढची मजा. फोटो सुधारायच्या लाइटरूम सॉफ्टवेअरमध्ये एप्रिल २०२३ पासून एआयवालं डिनॉइझ (रवा पुसणारी सोय) आहे, इतरही सॉफ्टवेअर आहेत. डिनॉइझ आधी, धार (शार्पनिंग) नंतर. उलट केलंत तर आधी दाण्यांनाच धार लागते. डिनॉइझ पूर्ण ओढलं की वाघ प्लास्टिकचा होतो. मी ३० ते ५० च्या मध्ये थांबते आणि नाकाच्या वरचे बारीक केस बघते. ते गेले की मागे यायचं. धार लावताना मास्किंगचा स्लायडर आल्ट की दाबून ओढा, पडदा काळा-पांढरा होतो आणि पांढऱ्यावरच धार बसते. मागचा बांबू काळा होईपर्यंत ओढायचं. लाल-हिरवे रंगीत ठिपके पूर्ण घालवा, करड्या दाण्यांपैकी थोडे राहू द्या. शेवटी लांब बाजू २०४८ पिक्सेल करून पाठवली तर उरलेलाही बराच दबतो. १२ बाय ८ च्या प्रिंटवर तर तो शोधावा लागतो.

एवढं करूनही कमी पडलं तर लेन्स. एफ ६.३ वरून एफ ४ ला गेलं की अडीच पट उजेड, पण ती किंमत ऐकून घरच्यांसमोर बसायची तयारी ठेवा. त्याआधी दोन दिवस भाड्याने घेऊन बघा. आणि रात्री रातव्यावर किंवा घुबडावर टॉर्च मारून उजेड मिळवायचा विचार असेल तर माझ्या गाडीत येऊ नका.

त्या बिबटाची फाइल मी मागच्या महिन्यात पुन्हा काढली, डिनॉइझ ४० ला ठेवलं. उजव्या बाजूच्या मिशा मोजता येतात आता, मांडीवरचे ठिपके अजून मेणासारखे आहेत. मे महिन्यात ताडोबाच्या अलीझंजा गेटचं बुकिंग आहे. त्याआधी बीनबॅग उसवून तांदूळ बदलायचेत, सोंडे झालेत.