फ्लेक्सवर मोकळी जागा कशी सोडायची आणि गिऱ्हाईकाला कशी पटवायची

नागपुरातला व्हरायटी चौक घ्या नाहीतर सक्करदरा, फ्लेक्सवर बोट ठेवायला जागा नसते. कारण साधं आहे, प्रिंटिंगचे पैसे स्क्वेअर फुटावर लागतात, म्हणून गिऱ्हाईक विचारते की पैसे पूर्ण दिले तर एवढी जागा रिकामी काहून सोडली? त्याचंही बरोबर आहे, पण गाडीवरून जाणाऱ्याकडे दोन-चार सेकंद असतात, तेवढ्यात तो एखादीच गोष्ट वाचतो, आणि ती कोणती ते तुम्ही सोडलेल्या जागेवरून ठरते. जागा पांढरीच पाहिजे असं काही नाही, पिवळं बॅकग्राउंड असेल तर पिवळी.

समजा सावजी भोजनालयाचा सहा बाय तीनचा फ्लेक्स आहे. मालकानं व्हॉट्सअ‍ॅपवर नाव, मटण, चिकन, पाटोडी, पार्सल, दोन मोबाइल नंबर, पत्ता, स्वतःचा फोटो, देवाचा फोटो असं सगळं पाठवलं. कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) उघडायच्या आधी हे कागदावर लिहा आणि तीन गट पाडा: नाव, काय मिळते, कुठे आणि कोणत्या नंबरवर. दुसरा नंबर उडवा. फोटो एकच ठेवा.

आता हिशोब. उंची ३६ इंच. चारी बाजूंनी ४ इंच सोडा, कारण फ्रेमवर ताणताना कड मागे दुमडली जाते आणि काठावरची अक्षरं कापली जातात. उरले २८. बोर्डवाल्यांचा ढोबळ नियम असा की दर १० फूट अंतराला अक्षर १ इंच उंच पाहिजे, म्हणजे ४० फुटांवरून वाचायचं तर ४ इंच. नावाला ८, मेनूच्या ओळीला ४, पत्ता-नंबरच्या ओळीला ४, झाले १६. उरलेले १२ इंच मोकळे, आणि ते भरायचे नाहीत! गटाच्या आत गॅप कमी, दोन गटांमध्ये निदान दुप्पट. बरेच जण इथेच गडबडतात, सगळीकडे सारखीच गॅप ठेवतात आणि मग गट वेगळे दिसावेत म्हणून चौकटी, रेघा, चांदण्या टाकत बसतात. गॅप नीट असली तर यातलं काहीच लागत नाही.

मराठी मजकुराला जास्त जपा. इंग्रजीला अक्षराच्या साइजच्या १२० टक्के लाइन स्पेसिंग (एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचं अंतर) पुरते, आपल्याला १४०-१५० तरी पाहिजे, कारण वरच्या ओळीत ‘सुरू’ असेल आणि त्याच्याच खाली ‘बर्फी’ आली तर वरचा उकार आणि खालचा रफार एकमेकांत घुसतात, लांबून नुसता काळा डाग दिसतो. आणि अक्षरांमधली स्पेस मात्र ताणू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. हवेशीर दाखवायचं असेल तर ओळी एकमेकींपासून लांब ठेवा, शब्दांमध्ये थोडं अंतर द्या, पण शब्द अख्खा राहू द्या.

फोटोतल्या माणसाच्या नजरेसमोर जागा सोडा, पाठीमागे नको.

आता गिऱ्हाईक. १९५९ मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगनची जाहिरात आली होती, जवळजवळ अख्खं पान कोरं आणि वर कोपऱ्यात एवढीशी कार, छोटी गाडी हाच तर त्यांचा मुद्दा होता, आणि ती जाहिरात आजही डिझाइन शिकवताना दाखवतात. ही गोष्ट मला फार आवडते. पण आपल्या गिऱ्हाईकाला गोष्टीपेक्षा डोळ्यांनी पाहिलेलं पटते. म्हणून त्याच्या मनासारखा भरगच्च एक आणि तुमचा मोकळा एक, असे दोन ए-फोर प्रिंट काढून शेजारी शेजारी भिंतीला चिकटवा. सहा फुटांचा फ्लेक्स ए-फोरवर साधारण सहा पट लहान होतो, म्हणजे सात फुटांवरून पाहिलं की रस्त्यापलीकडून चाळीस फुटांवरून पाहिल्यासारखंच. त्याला तिथे उभं करा, दोन्हींवरचा मोबाइल नंबर वाचायला सांगा आणि तुम्ही काही बोलू नका.