पद्मिनीचं टायमिंग: कार्ब्युरेटरच्या स्क्रूला हात सर्वात शेवटी

प्रीमियर पद्मिनी गाडी घुटमळायला लागली की पहिला स्क्रू-ड्रायव्हर कार्ब्युरेटरवर (हवा-पेट्रोलचं मिश्रण करणारा भाग) जातो आणि तिथेच काम बिघडतं. क्रम ठरलेला आहे: टॅपेट (व्हॉल्व्हची फट), पॉइंट (स्पार्कसाठी उघडमीट करणारे संपर्क), टायमिंग (स्पार्क पडण्याचा क्षण), मग कार्ब्युरेटर. पॉइंटची गॅप बदलली की टायमिंग सरकतं आणि टायमिंग सरकलं की आयडलिंग, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता इंजिन चालणं, बदलतं. उलटीकडून सुरुवात केली तर सगळं पुन्हा करावं लागेल.

टॅपेट थंड इंजिनावर, मॅन्युअलच्या मापाने.

पॉइंटची गॅप मूळ फियाट पद्धतीच्या डिस्ट्रिब्युटरला (प्लगना स्पार्क वाटणारा भाग, पॉइंट यातच असतात) साधारण 0.45 मिमी, लुकास कंपनीचा बसवलेला असेल तर 0.35 ते 0.40. एका बाजूला खड्डा, दुसरीकडे टेंगूळ असे पॉइंट असतील तर फिलर गेज (फट मोजायची पट्टी) टेंगळावर अडतो आणि खरी गॅप मापापेक्षा मोठी राहते. असे पॉइंट घासत बसू नका, बदला. नवे पॉइंटही महिन्याभरात जळले तर त्यांना जोडलेला कंडेन्सर बघा. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बोटाने आडवा हलत असेल तर बुश झिजलाय. तो बदलल्याशिवाय पुढची मेहनत फुकट.

आता टायमिंग. "कानाने लावा, इंजिन सर्वात जोरात पळेल तिथे घट्ट करा" हा सल्ला ऐकू नका. मोकळं इंजिन ज्या जागी छान पळतं, तीच जागा चढावर भार आला की नॉकिंग (इंजिनातली टिकटिक) देते, आणि त्यात पिस्टनची वाट लागते.

आधी पहिल्या सिलिंडरचा टॉप, म्हणजे पिस्टन सर्वात वर असण्याची जागा, नक्की करा. पुलीवरची खूण शाबूत असेल तर प्रश्न नाही. नसेल तर प्लगच्या भोकात स्क्रू-ड्रायव्हर घालून अंदाज घेऊ नका: टॉपजवळ पुली कित्येक अंश फिरली तरी पिस्टन जवळजवळ हलत नाही. जुन्या प्लगची चिनी माती फोडून त्यात गोल टोकाचा बोल्ट पक्का बसवा आणि पिस्टन खाली असताना तो भोकात लावा. सगळे प्लग काढून इंजिन हाताने, पान्याने, हळू फिरवा. स्टार्टर अजिबात मारू नका. पिस्टन अडेल तिथे पुलीवर एक खूण, उलटं फिरवून पुन्हा अडेल तिथे दुसरी. दोन्हींमधल्या लहान अंतराचा मध्य म्हणजे टॉप. मॅन्युअलमधले अंश (टॉपच्या किती आधी स्पार्क) तिथून मोजा: पुलीचा व्यास 140 मिमी असेल तर परीघ 440, म्हणजे 10 अंशांना सव्वाबारा मिमी. ही खूण टॉपच्या खुणेपासून पुली फिरण्याच्या दिशेने करायची. इथे दिशा चुकली तर गाडी स्टार्टच होणार नाही किंवा झाली तरी मरगळेल.

बोल्ट काढा. भोकावर अंगठा ठेवून फिरवा; हवेचा दाब जाणवला की कॉम्प्रेशन स्ट्रोक. पुली नव्या खुणेवर नेहमी फिरण्याच्या दिशेनेच आणा. खूण ओलांडली तर पाव फेरा मागे जाऊन पुन्हा या, नाहीतर टायमिंग चेनचा ढिलेपणा हिशेबात शिरतो.

12 व्होल्टच्या बल्बची एक वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला, दुसरी बॉडीला. इग्निशन चालू. क्लॅम्प सैल करून डिस्ट्रिब्युटर रोटरच्या (त्याच्या आतला फिरणारा भाग) दिशेने फिरवा. पॉइंट मिटून बल्ब विझेल. रोटर त्याच्या दिशेच्या उलट हलकेच दाबून धरा आणि डिस्ट्रिब्युटर उलट दिशेने केसाकेसाने आणा. बल्ब लागला, तिथेच थांबा. क्लॅम्प घट्ट करताना डिस्ट्रिब्युटर हमखास सरकतो, म्हणून इंजिनाचे दोन पूर्ण फेरे देऊन बल्ब खुणेवरच लागतो ना बघा. डिस्ट्रिब्युटरचा एक अंश म्हणजे क्रँकचे (पुलीचे) दोन, हे विसरू नका. पॉइंट मिटलेले असताना इग्निशन चालू ठेवून चहाला जाऊ नका, कॉइल तापते.

तिसऱ्या गिअरमध्ये 40 च्या वेगाने चढावर फुल ॲक्सिलरेटर द्या. टिकटिक आली तर टायमिंग क्रँकचे दोन अंश मागे, म्हणजे स्पार्क उशिरा.

कार्ब्युरेटर आता. इंजिन गरम, चोक पूर्ण उघडा, एअर फिल्टर जागेवर. सोलेक्स कार्ब्युरेटरचा मिक्श्चर स्क्रू अलगद आत टेकवा. पिळून घट्ट केलात तर सुईच्या टोकावर कडं पडतं आणि पुढे तो नीट सेट होत नाही. दीड फेरा बाहेर, मग आयडलिंग मिनिटाला 800 फेऱ्यांच्या आसपास. बाहेर नेता नेता इंजिन लपापायला लागेल, आत नेता अडखळेल. दोन्हींच्या मधे, जिथे सर्वात शांत चालतं, तिथे सोडा आणि आयडलिंग पुन्हा 800 वर आणा.

स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नसेल तर आयडल जेट बंद आहे, बटरफ्लाय (ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप) जास्त उघडी आहे, किंवा खालच्या गॅस्केटमधून हवा ओढली जातेय. सोलेक्सची फ्लँज जास्त आवळली की वाकते, आणि हवा बहुधा तिथूनच शिरते. व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (इंजिनाच्या ओढीने टायमिंग पुढे नेणारी) नळी तोंडाने ओढून बघा. दम टिकला नाही तर पडदा फाटलाय.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर मिश्रण पातळ होतं, त्यामुळे स्क्रू जुन्या मापापेक्षा थोडा बाहेर लागतो. जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदाही त्यात लवकर जातात, तेव्हा ते इथेनॉल सोसणारेच घ्या.