ड्राफ्टमध्ये आधी बचावाची पुढची फळी की कॉर्नरबॅक?

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये संघ दर वर्षी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. त्याच्या सात फेऱ्यांपैकी पहिल्या फेरीत संघाच्या वाट्याला साधारणपणे एकच निवड येते. ज्या संघाकडे समोरच्या क्वार्टरबॅकपर्यंत (चेंडू फेकणाऱ्या खेळाडूपर्यंत) पोहोचणारा पुढच्या फळीचा खेळाडूही नाही आणि बाहेरच्या रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) रोखणारा कॉर्नरबॅकही नाही, त्याने ती निवड कुठे खर्च करावी, हा प्रश्न दर वर्षी पडतो. आपल्या आवडत्या संघासाठी हा हिशेब स्वतः मांडायचा असेल, तर कोणती जागा मुळात अधिक महत्त्वाची, या वादापासून सुरुवात करू नये. क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला जेमतेम अडीच-तीन सेकंद मिळतात. पुढची फळी हा वेळ कापते, तर कॉर्नरबॅक रिसीव्हरला मोकळा होऊ न देता क्वार्टरबॅकला अधिक वेळ थांबायला लावतो. आपल्या संघाचे गणित यांपैकी कोठे चुकते, ते आधी शोधायचे.

त्यासाठी मागच्या हंगामातील चार-पाच सामन्यांचे चित्रण घ्यावे आणि तिसऱ्या डाउनवरील (दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्यातील) पास तेवढे पाहावेत. चेंडू क्वार्टरबॅकच्या हातातून सुटण्याच्या क्षणी चित्र थांबवून दोन अंतरे बघावीत: सर्वांत जवळचा बचावपटू क्वार्टरबॅकपासून किती दूर आहे आणि कॉर्नरबॅक रिसीव्हरपासून किती दूर आहे. क्वार्टरबॅक निवांत उभा असेल आणि पुढच्या फळीतील चौघांकडून दबाव येत नाही म्हणून प्रशिक्षकाला वारंवार पाचवा-सहावा माणूस ब्लिट्झसाठी पाठवावा लागत असेल, तर मागे एकटा पडलेला कॉर्नरबॅक हरला तरी उणीव पुढच्या फळीचीच आहे. याउलट, चौघे वेळेत पोहोचत असूनही रिसीव्हर पहिल्या काही पावलांतच मोकळा होऊन चेंडू आधीच सुटत असेल, तर आणखी एक लाइनमन घेऊन काहीही साधणार नाही. सॅकचे (पास सुटण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडण्याचे) आकडे हा फरक दाखवत नाहीत, म्हणून ही मेहनत टाळू नये.

पुढच्या फळीतील सगळ्या जागांना एकाच तराजूत तोलणे ही दुसरी मोठी चूक होय. धाव अडवण्यात तरबेज असलेला, पण पासच्या डाउनला बाहेर बसणारा नोज टॅकल (फळीच्या मध्यभागचा खेळाडू) आणि जवळजवळ प्रत्येक डाउन खेळणारा कॉर्नरबॅक यांची तुलना केली, तर माझ्या मते कॉर्नरबॅकच घ्यावा. मधून घुसून क्वार्टरबॅकवर दबाव आणणारा टॅकल मात्र दुर्मीळ असतो. 2014 मध्ये रॅम्सनी 13व्या क्रमांकावर घेतलेला ॲरन डोनाल्ड तीनदा वर्षातील सर्वोत्तम बचावपटू ठरला.

कॉर्नरबॅककडून संघाला काय हवे आहे, हेही पाहावे. झोन कव्हरेजवर (मैदानाचा ठरलेला भाग राखण्यावर) भर देणाऱ्या संघाला उंच, लांब हातांचा, खेळ वाचणारा कॉर्नरबॅक उशिराच्या फेरीतही सापडू शकतो. रिचर्ड शर्मन 2011 मध्ये पाचव्या फेरीत, 154व्या क्रमांकावर सिअॅटलला मिळाला. रिसीव्हरला एकट्याने सांभाळणारा मॅन कव्हरेजचा कॉर्नरबॅक इतका स्वस्त मिळत नाही. डेन्व्हरने 2021 मध्ये 9व्या क्रमांकावर घेतलेला पॅट्रिक सरटेन दुसरा 2024 चा सर्वोत्तम बचावपटू ठरला, म्हणून असा खेळाडू समोर असताना केवळ तत्त्वासाठी लाइनमनकडे वळणे मला पटत नाही.

दोघे सर्वार्थाने तुल्यबळ वाटले, तर मी पुढच्या फळीला झुकते माप देतो आणि त्यासाठी फिलाडेल्फियाचा क्रम समोर ठेवतो. त्यांनी 2022 मध्ये जॉर्डन डेव्हिस आणि 2023 मध्ये जेलन कार्टर हे टॅकल पहिल्या फेरीत घेतले. अनुभवी कॉर्नरबॅकचे वय जाणवू लागल्यावर 2024 मध्ये 22व्या क्रमांकावर क्विनियन मिचेल आणि 40व्या क्रमांकावर कूपर डिजीन यांना निवडले. त्याच हंगामाच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, त्यांनी कॅन्सस सिटीला 40-22 असे हरवले, त्यांचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सला सहा वेळा सॅक केले आणि त्यासाठी ब्लिट्झची गरजही पडली नाही. मात्र पुढची फळी एकटी पुरत नाही, हे सॅन फ्रान्सिस्कोने अनुभवले आहे. 2015 ते 2019 या पाच ड्राफ्टपैकी चारांत त्यांनी पहिल्या फेरीत पुढच्या फळीचा खेळाडू घेतला आणि निक बोसासह अंतिम सामना गाठला. तिथे चौथ्या क्वार्टरमध्ये दहा गुणांची आघाडी असताना तिसऱ्या डाउनवर, 15 यार्ड हवे असताना, समोरच्या कॅन्सस सिटीच्या माहोम्सने टायरिक हिलला 44 यार्डांचा पास दिला आणि सामना फिरला.

शेवटी आपल्या पहिल्या आणि दुसऱ्या निवडीच्या मध्ये इतर संघांच्या किती निवडी येतात, ते मोजावे. तुमच्या यादीतले दोन्ही जागांचे खेळाडू गुणवत्तेच्या क्रमाने लिहून, मधल्या संघांच्या गरजांनुसार जाण्याची शक्यता असलेली नावे खोडावीत. ज्या जागेचे नाव दुसऱ्या निवडीपर्यंत उरत नाही, ती आधी भरावी. दोन्ही जागांची चांगली नावे उरत असतील, तर पहिली निवड दुसऱ्या संघाला देऊन नंतरच्या क्रमांकावर सरकावे आणि जास्तीची निवड पदरात पाडून घ्यावी.