स्लाइड समोरच्यांसाठी, नोट्स आपल्यासाठी

पॉवरपॉइंट शिकवायला बसलो की मी सगळ्यात आधी स्लाइडच्या खालची नोट्सची जागा उघडून दाखवतो. ती दिसत नसेल तर तळाच्या पट्टीवरच्या ‘नोट्स’वर क्लिक करायचं. बोलताना आपल्याला जे आठवायला हवं ते तिथे, आणि लोकांना जे बघायलाच हवं तेवढं स्लाइडवर. एवढी वाटणी जमली की बाकीचं सॉफ्टवेअर सोपं आहे.

ही सोय आजकालची नाही. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी 1987 मध्ये मॅकिंटॉशसाठी पॉवरपॉइंट आणलं, तेव्हा त्यातून ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिकांसाठी काळी-पांढरी पानं छापायची असत. वक्त्याची टिपणं तेव्हाही वेगळी निघत. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ते जिथे काम करत ती फोरथॉट कंपनी 1.4 कोटी डॉलरला विकत घेतली. आता लिब्रेऑफिस इम्प्रेस फुकट मिळतं, गूगल स्लाइड्स ब्राउझरमध्ये चालतं, ॲपलवाल्यांकडे कीनोट आहे. बटणांच्या जागा बदलतात, कामाची रीत तीच. खाली लिहिलंय ते विंडोजवरच्या पॉवरपॉइंटचं.

कोरं प्रेझेंटेशन उघडा. नवी स्लाइड कंट्रोल आणि एम दाबून येते. तिचा लेआउट निवडा आणि त्यातल्या तयार चौकटींतच मजकूर लिहा. बरेच जण रिकामी स्लाइड घेऊन तिच्यावर टेक्स्ट बॉक्स काढत बसतात. दिसायला फरक नाही, पण आउटलाइन व्ह्यूमध्ये, म्हणजे सगळ्या स्लाइडचा नुसता मजकूर ओळीने दिसतो तिथे, फक्त तयार चौकटींतला मजकूर येतो, आणि पुढे सगळ्यांचा फॉन्ट एकदम बदलायचा झाला तर हे सुटे बॉक्स मागे राहू शकतात.

तो एकदम बदलण्याची जागा म्हणजे ‘व्ह्यू’मधला स्लाइड मास्टर. डावीकडच्या रांगेत सगळ्यात वरची, मोठी स्लाइड धरा. फॉन्ट, रंग, लोगो जे काय असेल ते तिथे एकदाच. चाळीस स्लाइडवर चाळीस वेळा लोगो चिकटवणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हे ठासून सांगतोय. मराठी मजकूर असेल तर ओळींमधलं अंतरही इथेच थोडं वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. आणि टाइप युनिकोडमध्येच करा, म्हणजे कुठल्याही मशीनला कळणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी दुसऱ्या मशीनवर तो फॉन्ट नसला की रोमन अक्षरांचा कचरा होऊन समोर येतं. ‘फाइल’मधल्या ऑप्शन्समध्ये, ‘सेव्ह’खाली, फॉन्ट फाइलमध्येच साठवण्याची खूण आहे, ती करा आणि जोडीला एक पीडीएफ काढून ठेवा.

फोटो ओढून मोठा करायचा तर कोपऱ्याला धरून, नाहीतर चेहरे लांबोडके होतात. आलेख ‘इन्सर्ट’मधून घ्या, आकडे भरायला छोटी शीट आपोआप उघडते. ॲनिमेशनमध्ये ‘अपिअर’ पुरे. घिरट्या घालत येणारी अक्षरं बघताना तुमचं बोलणं कोणी ऐकत नाही.

भाषणाखेरीजही हे सॉफ्टवेअर कामाला येतं. ‘डिझाइन’मधून स्लाइडचा आकार बदलला की पोस्टर करता येतं, शब्दांना लिंक जोडल्या की प्रश्नमंजूषा, आणि प्रत्येक स्लाइडला किती वेळाने पुढे जायचं ते ठरवून स्लाइड शोच्या सेटिंगमध्ये किऑस्क निवडलं की प्रदर्शनातल्या स्टॉलवर ते आपोआप फिरत राहतं. व्हिडिओही काढता येतो.

आता प्रत्यक्ष दाखवणं. एफ5 दाबलं की पहिल्यापासून सुरू, शिफ्टसकट दाबलं तर समोरच्या स्लाइडपासून. मध्येच कोणी प्रश्न विचारला तर बी दाबा: पडदा काळा होतो आणि माना तुमच्याकडे वळतात. बाराव्या स्लाइडवर जायचं असेल तर 12 टाइप करून एंटर. सगळ्यांसमोर भराभर मागेपुढे करायची गरज नाही.

नोट्स फक्त तुम्हाला दिसाव्यात यासाठी प्रेझेंटर व्ह्यू असतो. घरी एकाच स्क्रीनवर सराव करायचा तर ऑल्ट आणि एफ5. सभागृहात प्रोजेक्टर जोडल्यावर मात्र विंडोज आणि पी दाबून ‘एक्स्टेंड’ निवडा. ‘डुप्लिकेट’ राहिलं तर दोन्हीकडे एकच चित्र दिसतं, आणि प्रेझेंटर व्ह्यू चालू केलात तर तुमची टिपणं पडद्यावर सगळे वाचतील. हे लोक येऊन बसायच्या आत तपासा.