अक्षरांवरून शब्द: मराठी माध्यमातून बँकेची परीक्षा देणाऱ्यांसाठी

बँकेच्या बऱ्याच प्रिलिम्समध्ये, म्हणजे पहिल्या चाळणी परीक्षेत, रिझनिंगचे (तर्कशक्तीचे) 35 प्रश्न 20 मिनिटांत सोडवायचे असतात. त्यात अधूनमधून असा एक प्रश्न येतो: अमुक शब्दातलं तिसरं, पाचवं, सहावं आणि नववं अक्षर घ्या, प्रत्येक अक्षर एकदाच वापरा आणि सांगा, अर्थपूर्ण इंग्रजी शब्द किती होतात? पर्याय बहुधा ठरलेले. एकही नाही, एक, दोन, तीन, तीनपेक्षा जास्त.

परळच्या अभ्यासिकेत आमचा मराठी माध्यमवाल्यांचा घोळका हा प्रश्न दिसला की सरळ पुढे जायचा. ‘आपलं इंग्रजी कच्चं’ हे कारण तयारच असायचं. मला ते पटत नाही. इथे लागणारे बहुतेक शब्द शाळेच्या पुस्तकात येऊन गेलेले असतात. अडतं ते दुसरीकडे: आपण शब्द कानाने शोधतो. मराठीत ते बऱ्यापैकी चालतं, कारण उच्चार आणि लिखाण जवळजवळ असतं. इंग्रजीत के, ई, ई, एन ही अक्षरं मिळाली की ‘कीन’ लगेच सुचतो. ‘नी’, म्हणजे गुडघा, निसटतो, कारण त्यातला के तोंडातून निघतच नाही. उत्तर ‘दोन’ असतं आणि आपण ‘एक’वर टिक करून मोकळे होतो. एस, आय, जी, एन यांतून ‘सिंग’ ऐकू येतो, ‘साइन’ येत नाही. तेव्हा शब्द न उच्चारता नुसता बघायला शिका. सुरुवातीला के-एन चालतं, शेवटी जी-एन चालतं, अशा जोड्या नजरेत बसल्या की अर्धं काम झालं.

आता ‘स्टेटमेंट’ हा शब्द घ्या. त्यातलं तिसरं, पाचवं, सहावं, नववं अक्षर म्हणजे ए, ई, एम, टी. चार अक्षरांच्या मांडण्या 24 होतात, पण सगळ्या लिहीत बसायचं नाही. दोन व्यंजनं, दोन स्वर आणि त्यात एक ई, असा संच आला की दोन साचे आधी लावून बघायचे. पहिला, दोन्ही स्वर मध्ये एकत्र: ‘मीट’ म्हणजे मांस, आणि ‘टीम’. दुसरा, एक स्वर मध्ये आणि ई शेवटी, मुका: ‘मेट’ म्हणजे सोबती, आणि ‘टेम’ म्हणजे माणसाळलेला. चार झाले, म्हणजे तीनपेक्षा जास्त, पेन खाली. पाचवा शब्द शोधत बसणारा इंग्रजीत हुशार असेल, परीक्षेत नाही.

हेच साचे एल, ई, ए, डी या संचाला लावा: ‘लीड’, ‘डील’, आणि दरी या अर्थाचा ‘डेल’. ए, ई, एस, टी यांतून ‘सीट’ मिळतो, पण ‘ईस्ट’ साच्याबाहेर राहतो. म्हणून साचे झाल्यावर स्वराने सुरू होणारा शब्द आहे का, हे एकदा बघायचंच.

सरावासाठी मला लोकलइतकी चांगली जागा सापडली नाही. फलाटावरच्या पाटीवर नाव रोमनमध्येही असतं, त्याची अक्षरं हलवायची. शिवडीतून ‘वायर्स’ आणि ‘वायझर’ निघतात, दिव्यातून ‘ॲव्हिड’, सायनमधून ‘आयन्स’, खारमधून ‘हार्क’, म्हणजे ऐक. परळमधून ‘पर्ल’ आणि ‘पेलर’ (जास्त फिकट) निघतात; गंमत म्हणजे पार्ल्याची रोमन अक्षरंही हीच पाच, फक्त क्रम वेगळा. एक सेंट्रलवर, दुसरं वेस्टर्नवर, तरी अक्षरं सारखी. पार्ल्याच्या नावाआधी येणाऱ्या ‘विले’तून तर ‘लिव्ह’, ‘ईव्हिल’ आणि बुरखा या अर्थाचा ‘व्हेल’ असे तीन मिळतात, आणि ‘व्हाइल’ म्हणून वाचलं तर तो स्वतःच चौथा. दादरमधून काही निघत नाही. ‘एकही नाही’ हेही उत्तर असतं, त्याची सवय हवी. गावांची आणि माणसांची नावं परीक्षेत शब्द म्हणून धरत नाहीत, तेवढं लक्षात ठेवा.

फोनवर अक्षरं टाकली की शब्द देणारी ॲप्स आहेत. त्यांची युक्ती साधी असते. प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णक्रमाने लावून ठेवायची. ज्यांचा क्रम सारखा ते एका घरातले. ही युक्ती वहीत उचला: वर ‘ए, ई, एम, टी’ लिहा आणि खाली त्या घरातले सगळे शब्द. ‘ओ, पी, एस, टी’खाली स्टॉप, पोस्ट, स्पॉट, टॉप्स. ॲपची यादी मात्र जशीच्या तशी उतरवू नका. अशा याद्या बरेचदा स्क्रॅबल या शब्दखेळासाठी केलेल्या असतात आणि त्यात कधी न ऐकलेले शब्द भरलेले असतात.

याच घराण्यातला दुसरा प्रश्न म्हणजे, दिलेल्या शब्दातून यांपैकी कोणता शब्द बनत नाही? तो सोपा आहे, फक्त मोजायचं असतं. ‘महाराष्ट्र’च्या रोमन स्पेलिंगमध्ये ए चार, एच दोन, आर दोन, आणि एम, एस, टी एकेक. ‘स्मार्ट’ होतो. ‘हार्श’ला दोन एच लागतात, ते आहेत. ‘स्टार्ट’ला दोन टी लागतात, तिथे फसतं. पर्यायात एकच अक्षर दोनदा दिसलं की आधी तोच तपासायचा.

राहिला शंकेचा प्रश्न. तीन शब्द पक्के आहेत आणि चौथा ‘असेल बहुतेक’ वाटतोय. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापतात. माझा रिवाज असा: चौथा शब्द बातमीत किंवा पुस्तकात वाचल्याचं आठवत असेल तर धरायचा, नाहीतर तीनवर थांबायचं. अनेकवचनं मी मोजतो. आणि अर्ध्या मिनिटात निकाल लागला नाही तर प्रश्न मार्क करून बैठकव्यवस्थेच्या, म्हणजे कोण कुठे बसलंय हे शोधायच्या, पझलकडे वळतो. तिथे एक मांडणी जमली की तीन-चार प्रश्न एकदम सुटतात.