सोलापूरहून अमेरिकेच्या मोठ्या विद्यापीठात जाताय? आधी एवढं बघा

मे महिन्यात मी सोलापूरला आलो की आमच्या होटगी रोडच्या घरी संध्याकाळी एखाद-दुसरं पोरगं आईबापासकट येतंच. आईचा प्रश्न ठरलेला: शेंगा चटणी नेता येते का?

येते. कोरडी, पाकीटबंद असावी आणि उतरल्यावर कस्टम्सला खाण्याचं सामान आहे हे आपणहून सांगावं. फक्त डबा उघडण्याआधी रूममेटला विचारा. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी काहींच्या जिवावर बेतते. माझा पहिला रूममेट त्यातलाच निघाला. वर्षभर माझी चटणी किचनबाहेर, माझ्या खोलीतल्या कपाटात होती. चमचा वेगळा, आणि खाऊन झालं की साबणाने हात.

कागदांचं थोडक्यात. सेव्हिस म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची अमेरिकी सरकारकडची नोंदणी, तिची फी ३५० डॉलर, ती व्हिसाच्या फीशिवाय वेगळी, पावती जपा. व्हिसाची मुलाखत मुंबईत बीकेसीला, अमेरिकेच्या वकिलातीत, बायोमेट्रिकची अपॉइंटमेंट वेगळी. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी उतरून तसंच पळू नका, आदल्या दिवशी जा. आय-२० म्हणजे विद्यापीठ व्हिसासाठी देतं तो प्रवेशाचा कागद, त्यावरच्या सुरुवातीच्या तारखेआधी ३० दिवसांपेक्षा लवकर तिकडे उतरता येत नाही, म्हणून तिकीट त्या हिशेबाने काढा. आय-२० हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये नको.

आता खरं सांगायचं ते. आपण इंजिनिअरिंगला जर्नल कशी भरतो, शीटला जीटी कशी मारतो, म्हणजे काचेखाली दिवा लावून दुसऱ्याची ड्रॉइंग कशी उतरवतो, हे मला सांगू नका, मीही तेच केलंय. तिकडे पहिल्याच सेमिस्टरला मी आणि एका मित्राने असाइनमेंट एकत्र बसून केली. व्हेरिएबलची नावं बदलली, कोड तोच. आठवड्याने टीएचा, म्हणजे प्रोफेसरच्या हाताखाली पेपर तपासणाऱ्या विद्यार्थ्याचा ईमेल: दोघांनाही शून्य, आणि प्रोफेसरला येऊन भेटा. मित्राने मित्राला वही दिली यात चूक काय, हेच मला कळत नव्हतं. पुढच्या खेपेला प्रकरण वर गेलं असतं. पहिल्या आठवड्यात सिलॅबस मिळतो. आपल्यासारखी ती नुसती धड्यांची यादी नसते. कुणासोबत काय करायला चालतं, उशिरा दिलं तर किती मार्क जातात, सगळं त्यात असतं. शेवटच्या पानापर्यंत वाचा.

ऑफिस अवर्स त्यातच छापलेले असतात. मला वाटायचं, या वेळेत सर ऑफिसच्या कामात असतात, त्रास द्यायचा नाही. अर्धं सेमिस्टर गेलो नाही. उलट ती वेळ आपल्यासाठीच राखलेली असते. वर्गात दोनशेच्या वर पोरं. तुम्ही दार ठोठावलं नाही तर तुम्ही अडलाय हे त्यांना कळणार कसं? प्रश्न लिहून न्या, कुठवर प्रयत्न केला ते दाखवा. कुठले विषय घ्यायचे ते सांगणाऱ्या अ‍ॅडव्हायझरचंही तसंच, ईमेल केल्याशिवाय कुणी हाक मारत नाही.

काम कॅम्पसवरच, शिकवणी चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत. पगारासाठी लागणाऱ्या सोशल सिक्युरिटी नंबरसाठी काम मिळाल्यावरच अर्ज करता येतो. कुणाच्या मामाच्या ओळखीने बाहेर दुकानात रोखीने उभं राहायला मिळालं, तर नाही म्हणा. एफ-१ स्टेटस, म्हणजे विद्यार्थी म्हणून तिकडे राहायची परवानगी, जातं. एखादा विषय झेपत नाही म्हणून सोडायचा असेल तर आधी विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारा. मास्टर्सला सेमिस्टरला साधारण ९ क्रेडिटचे विषय लागतात, त्याखाली गेलात तर अडचण होते. घर बदललं की १० दिवसांत त्याच ऑफिसला कळवायचं.

दात मात्र इथेच दाखवून जा. विद्यापीठाच्या हेल्थ इन्शुरन्समध्ये दात बहुतेक वेळा नसतात. मी दाढ दुखत असताना गेलो, आणि तिथला रूट कॅनलचा अंदाज ऐकून सुट्टीत सोलापूरला येईपर्यंत एकाच बाजूने चावत राहिलो. ताप आला तर कॅम्पसच्या दवाखान्यात जा. इमर्जन्सी रूम खरोखरच्या इमर्जन्सीसाठी, नाहीतर बिल महिन्याच्या भाड्याच्या वर जाऊ शकतं.

आणि चादर एकच न्या. खोल्यांमध्ये हीटर असतो, मी जानेवारीतसुद्धा तेवढ्यावर झोपायचो. जॅकेट तिकडेच घ्या. इथल्या दुकानदाराने थंडी पाहिलेली ती गड्ड्याच्या जत्रेतली.