पाचव्या जॉर्जच्या ज्युबिलीचा सात तिकिटांचा सेट कसा जमवायचा

राजाच्या ज्युबिलीची तिकिटं जमवायची असतील तर १९३५च्या सेटपासून सुरू करा, असं मी सगळ्यांना सांगतो. पाचव्या जॉर्जला गादीवर बसून २५ वर्षं झाली म्हणून हा सेट निघाला आणि तो छापला आपल्या नाशिकच्या प्रेसमध्ये. बऱ्याच ब्रिटिश वसाहतींना तेव्हा विंडसर किल्ल्याचं एकच डिझाइन मिळालं, आपल्या तिकिटांवर मात्र राजाबरोबर इथलीच ठिकाणं आली.

यादी वहीत लिहून घ्या. अर्ध्या आण्यावर गेटवे ऑफ इंडिया, ९ पैवर व्हिक्टोरिया मेमोरियल, १ आण्यावर रामेश्वरम, सव्वा आण्यावर कलकत्त्याचं जैन मंदिर, अडीच आण्यावर ताजमहाल, साडेतीन आण्यावर सुवर्णमंदिर आणि ८ आण्यावर मंडालेचा पॅगोडा. मंडाले कसं काय आलं असं मला लहानपणी वाटायचं, तर ब्रह्मदेश १९३७पर्यंत हिंदुस्थानाचाच भाग होता. आणि अर्ध्या आण्याचं हिरवट तिकीट भिंगाखाली धरून नीट बघा, ज्या राजाच्या १९११च्या भेटीची आठवण म्हणून गेटवे बांधला तोच राजा त्या तिकिटावर आहे, मला हे तिकीट सगळ्यात जास्त आवडतं.

शोधायला रविवारी किंवा बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजारात सकाळी लवकर जा, ऊन चढलं की गर्दीत काही धड बघता येत नाही. कॅम्पातल्या जीपीओत फिलाटेलिक ब्युरो आहे पण तिथे नवीन तिकिटं मिळतात, जुन्यासाठी डीलर किंवा ओळखीचा संग्राहकच गाठावा लागतो. घेताना आधी तिकीट उलटं करा. मागे पातळ झालेला डाग, हिंजचा (तिकीट अल्बमला चिकटवायच्या कागदी पट्टीचा) तुकडा, पिवळे ठिपके आहेत का बघा, मग चारही बाजूंचे दात मोजल्यासारखे बघा, एक दात जरी तुटका असेल तरी भाव कमी करून मागा. उजेडात तिरकं धरलं की कागदात चांदण्यांचा वॉटरमार्क दिसतो, तोही बघून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तिकीट जुन्या पाकिटावर असेल तर सोडवू नका! मला एका पाकिटावर ताजमहालाचं तिकीट मिळालं होतं, पूनाचा शिक्का अगदी स्वच्छ उमटलेला, आणि मी ते भिजवून काढलं, तिकीट हातात आलं पण अर्धा शिक्का पाकिटाबरोबर गेला, ते अजून मनाला लागून आहे. अख्खं पाकीट ठेवलं असतं तर त्या पत्राचा सगळा प्रवास राहिला असता. पाकिटाचा नुसता कापलेला तुकडा असेल तरच भिजवा, साध्या पाण्यात पंधरावीस मिनिटं, रंगीत कागद वेगळ्या वाटीत कारण त्याचा रंग उतरतो, आणि तिकीट ओढायचं नाही, आपोआप सुटू द्यायचं. मग टिपकागदावर पालथं वाळवून जाड पुस्तकात दाबा. न वापरलेल्या डिंकाच्या तिकिटाला मात्र पाणी अजिबात लावू नका.

हात लावायचाच नाही, चिमटाच वापरायचा. सेलोटेप, फेविकॉल, लॅमिनेशन यातलं काहीही नको. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याची हवा अशी दमट होते की डिंक पानाला चिकटतो, म्हणून स्टॉकबुक (तिकिटं खोचून ठेवायची वही) आडवं रचून न ठेवता उभं ठेवा, कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि ऊन पडलं की पंख्याखाली पानं उघडून ठेवा.

सातही जमली की पुढे निजामाचा १९३७चा ज्युबिली सेट घ्या, त्यात चारच तिकिटं आहेत, दोन हॉस्पिटलं, उस्मानिया विद्यापीठ आणि ज्युबिली हॉल. ती जॉर्जच्या तिकिटांसमोरच्याच पानावर लावा.